नकाशातील वाटा आणि वाटेवरील हक्क

नकाशा म्हणजे वस्तुस्थितीचा निःपक्षपाती आरसा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. नदी, डोंगर किंवा समुद्रकिनारा दाखवताना नकाशाने कोणाची बाजू घेण्याचे कारण नसते. परंतु जिथे माणसांच्या वहिवाटीचा संबंध येतो तिथे कोणती रेघ कशी ओढली आणि तिला कोणते नाव दिले, यावरून कोणाचा तरी हक्क प्रस्थापित होतो आणि कोणाचा तरी पुसला जातो. जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून तयार केलेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप' या नकाशात पादचारी आणि सायकलस्वार यांच्या सामाईक मार्गांना कोणत्या वर्गात घालावे, याविषयी दीड दशकाहून अधिक काळ जो वाद चालू आहे, त्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. वरवर पाहता हा शब्दांचा वाद आहे आणि हौशी नकाशाकारांपलीकडे त्यात कोणाला रस वाटण्याचे कारण नाही. वस्तुतः त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न रोज रस्त्यावरून चालणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

या नकाशाचा जन्म २००४ साली इंग्लंडमध्ये झाला. लंडनमध्ये शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्ट या तरुणाने त्याचा प्रारंभ केला. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचे नकाशे उत्कृष्ट होते; परंतु त्यांतील माहिती वापरायची तर पैसे मोजावे लागत आणि जाचक अटी पाळाव्या लागत. लोकांच्या पैशाने झालेली मोजणी लोकांनाच मोकळेपणाने वापरता येत नसेल, तर लोकांनीच आपला नकाशा करावा, अशी ही साधी कल्पना होती. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणारी छोटी यंत्रे खिशात घालून माणसे चालत, सायकलवरून फिरत आणि घरी येऊन रेघा ओढीत. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा उद्ध्वस्त राजधानीचा तपशीलवार नकाशा याच स्वयंसेवकांनी काही दिवसांत उभा केला आणि मदतपथकांनी तो वापरला. आज असंख्य मोबाइलवरील मार्गदर्शक यंत्रणा या नकाशावर चालतात. तेव्हा हा चार हौशी मंडळींचा खेळ आहे, असे म्हणून तो दूर सारता येणार नाही.

एक वाट, तीन नावे

या नकाशातील प्रत्येक रेघेला शब्दांच्या जोड्या चिकटवलेल्या असतात. जोडीतील पहिला शब्द विषय सांगतो, दुसरा त्याचे मूल्य. रस्त्यांसाठी विषयाचा शब्द आहे 'हायवे'. जुन्या इंग्रजी कायद्यात सार्वजनिक वहिवाटीच्या कोणत्याही वाटेला जो अर्थ होता, त्याच अर्थाने तो इथे वापरला जातो. त्याची मूल्ये ब्रिटिश व्यवहारातून आली. पायी चालणाऱ्यांच्या वाटेला 'फुटवे', सायकलच्या वाटेला 'सायकलवे', घोडेस्वारांच्या वाटेला 'ब्रायडलवे'. एका वाटेला एकच वापरणारा गट असे जोवर होते, तोवर ही व्यवस्था ठीक चालली. परंतु तीन मीटर रुंदीच्या एकाच डांबरी पट्टीवरून माणसे चालत आहेत आणि सायकलीही जात आहेत, अशी वाट समोर आली की पेच पडतो. ती 'फुटवे' म्हणावी की 'सायकलवे'?

या पेचातून सुटका म्हणून २००८ च्या सुमारास 'पाथ' हा तिसरा शब्द मान्य झाला. ज्या वाटेवर कोणाचीच मक्तेदारी नाही ती 'पाथ' म्हणावी आणि कोणाकोणासाठी राखलेली आहे ते स्वतंत्र शब्दांनी सांगावे, असा त्यामागील हेतू होता. हेतू चांगला असला तरी परिणाम असा झाला की जुने दोन शब्द राहिलेच आणि तिसऱ्याची भर पडली. ब्रिटनमधील स्वयंसेवक सामाईक मार्गाला बहुधा 'सायकलवे' म्हणतात आणि पादचाऱ्यांनाही तो राखलेला असल्याची जोड देतात. जर्मनीत तशाच मार्गाला 'पाथ' म्हणून दोघांचीही नावे जोडण्याची पद्धत रुळली. आणखी काही जण त्याला 'फुटवे' म्हणून सायकलला परवानगी असल्याचे नोंदवतात. म्हणजे एकाच घडणीची वाट देश बदलला की जात बदलते.

त्यातच 'पाथ' या शब्दाने दुसरी अडचण निर्माण केली. जो शब्द शहरातील सपाट, दिवे लावलेल्या सामाईक मार्गाला लागतो, तोच डोंगरातील पायवाटेलाही लागतो. सह्याद्रीतील गडवाटा नोंदवणाऱ्यांना हे नवे नाही. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट आणि शहरातील नदीकाठचा फरसबंद मार्ग हे दोन्ही एका शब्दाखाली आले, तर वाट किती अवघड आहे, पायाखाली काय आहे, हे सांगणारे जोडशब्द असल्याखेरीज नकाशा वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही. मराठीत पायवाट, गाडीवाट, पाणंद, शिवरस्ता असे वेगवेगळे शब्द निर्माण झाले, ते उगाच नव्हेत. जो वाटेने जातो, त्याला तिच्यातील भेद कळावा लागतो.

नावाने काय बिघडते?

यावर कोणी म्हणेल की नाव काहीही असो, वाट तिथेच आहे. चालणारा चालेल, सायकलस्वार जाईल. हे म्हणणे सयुक्तिक वाटले तरी आजच्या काळात ते टिकत नाही. मोबाइलमधील मार्गशोधक यंत्रणा वाट डोळ्यांनी पाहत नाही, नाव पाहते. सायकलसाठी मार्ग शोधताना ती 'सायकलवे'ला झुकते माप देते. सामाईक मार्गाला हे नाव मिळाले की त्या वाटेकडे सायकलींचा ओघ वळतो. त्याच वाटेवर सकाळी फिरायला आलेले वृद्ध, बाबागाडी ढकलणारी आई, शाळेत जाणारी मुले यांचा विचार त्या हिशेबात येत नाही. उलट तिला नुसते 'फुटवे' म्हटले आणि सायकलची परवानगी नोंदवली नाही, तर सायकलस्वाराला धावत्या मोटारींच्या रस्त्यावर ढकलले जाते. दोन्ही बाजूंनी चूक होते आणि तिची किंमत रस्त्यावरील दुबळ्यालाच मोजावी लागते.

नकाशाच्या चित्राचीही तीच गत आहे. या प्रकल्पाच्या नेहमीच्या नकाशात पादमार्ग तांबूस तुटक रेघेने आणि सायकलमार्ग निळ्या तुटक रेघेने दिसतो. सायकलसाठी राखलेला 'पाथ'देखील, तो पादचाऱ्यांसाठीही तितकाच राखलेला असला तरी, निळाच दिसतो. मूळ नोंदीत समान असलेला पादचारी चित्रात नाहीसा होतो. नकाशाकाराचा त्यात कसलाही दुष्ट हेतू नसतो. परंतु ज्याच्या रंगाने वाट रंगवली तो तिचा मालक आणि दुसरा पाहुणा, असा अर्थ पाहणाऱ्याच्या मनात आपोआप ठसतो.

अंध व्यक्तींच्या बाबतीत हा भेद केवळ मानापमानाचा राहत नाही. सायकल आवाज न करता येते आणि ज्याला ती दिसत नाही, त्याला बाजूला होण्याची संधी मिळत नाही. ब्रिटनमधील अंधांच्या संघटनांनी सामाईक मार्गांविषयी वारंवार आक्षेप घेतले आहेत, ते यामुळेच. मार्ग दोन भागांत विभागलेला असेल, तर तिथे पादचाऱ्यांच्या बाजूला आडव्या आणि सायकलच्या बाजूला उभ्या उंचवट्यांच्या फरशा बसवण्याची पद्धत आहे. पायांना किंवा काठीला त्यांवरून बाजू कळते. म्हणजे मार्ग विभागलेला आहे की सरमिसळ आहे, ही नकाशातील एका शब्दाची नोंद अशा माणसासाठी घराबाहेर पडावे की नाही हे ठरवणारी असू शकते. दुर्दैवाने अनेक मार्गांवर नेमकी हीच नोंद केलेली नसते.

देशोदेशीचा कायदा

वादाचा निकाल लागत नाही, याचे एक कारण असे की या वाटांविषयी प्रत्येक देशाचा कायदा निराळा आहे. इंग्लंडमध्ये १८३५ च्या महामार्ग कायद्याने पदपथावरून गाडी हाकण्यास बंदी केली आणि १८८८ च्या कायद्याने सायकल ही गाडीच आहे असे ठरवले. तेव्हापासून पदपथावरील सायकलस्वार हा तिथे कायदा मोडणारा ठरतो. १९६८ च्या कायद्याने घोडेस्वारांच्या वाटा सायकलींना खुल्या झाल्या. पण पादचारी आणि घोडेस्वार यांना वाट द्यावी, अशी अट त्यातच घातली. पुढे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सामाईक मार्ग बांधण्याची चळवळ तिथे उभी राहिली. ब्रिस्टल ते बाथ हा सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग १९७९ ते १९८६ या काळात असाच तयार झाला आणि अतिशय लोकप्रिय ठरला. इतका की गर्दीच्या वेळी चालणारे आणि सायकलवाले यांच्यातील कुरबुरीही तिथे नित्याच्या झाल्या. जुलै २०२० मध्ये ब्रिटिश परिवहन खात्याने रस्तेबांधणीसाठी जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांत सायकल हे वाहन मानावे आणि शहरी रस्त्यांवर सायकलस्वार व पादचारी यांना एका पट्टीवर आणू नये, असे स्पष्ट केले. जानेवारी २०२२ मध्ये बदललेल्या वाहतूक संहितेने ज्याच्याकडून अधिक इजा होऊ शकते, त्याच्यावर अधिक जबाबदारी, हे तत्त्व स्वीकारले.

जर्मनीत ही गुंतागुंत फलकांनी सोडवली आहे. निळ्या गोल फलकावर पादचारी वर, सायकल खाली आणि मध्ये आडवी रेघ असेल तर मार्ग सामाईक. त्याचा क्रमांक २४०. दोन्ही चित्रे शेजारी आणि मध्ये उभी रेघ असेल तर मार्ग विभागलेला, क्रमांक २४१. याखेरीज पादचाऱ्यांच्या मार्गावर सायकलला मुभा असल्याचा जोडफलकही असतो. तिथे सायकलस्वाराने चालण्याच्याच वेगाने जायचे असते. पहिल्या दोन प्रकारांत तर सायकलस्वाराला तो मार्ग वापरणे बंधनकारक असते. या बंधनासाठी त्या ठिकाणी विशेष धोका असला पाहिजे, असा निर्णय तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये दिला. नेदरलँड्समध्ये याहून निराळी रीत आहे. जिथे पदपथ नाही, तिथे पादचाऱ्याने सायकलमार्गावरून चालावे, असे तिथला नियमच सांगतो. एकाच निळ्या रेघेचे तीन देशांत तीन अर्थ होतात, ते असे.

नोंद आणि निवाडा

ही सगळी विविधता एका शब्दात कोंबण्याचा हट्ट हेच या वादाचे मूळ आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की स्वयंसेवक सामान्य माणसे आहेत. त्यांना दहा-दहा तपशील विचारले तर ते एकही भरणार नाहीत. म्हणून एक ठळक शब्द असावा आणि सायकलसाठी जी वाट रुंद व सपाट बांधली, ती पादचाऱ्यालाही सोयीची असते, तेव्हा 'सायकलवे' म्हणणेच व्यवहार्य. दुसरा पक्ष म्हणतो की सामाईक वाटेला एका भागीदाराचे नाव देणे हाच अन्याय आहे. तिसरा सुचवतो की ज्याचा वापर जास्त, त्याचे नाव द्यावे. हा तिसरा मार्ग सर्वांत आकर्षक आणि सर्वांत फसवा आहे. वापर पहाटे एक असतो, शाळा सुटताना दुसरा, पावसाळ्यात तिसरा. शिवाय वाट भीतीदायक झाल्यामुळे ज्यांनी ती सोडली, त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची मोजणी कोण करणार?

पहिल्या पक्षाच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. लोकांनी करायचा नकाशा लोकांना झेपेल असाच हवा. परंतु साधेपणासाठी सत्याला कात्री लावण्याची गरज नाही. मुख्य शब्द कोणताही वापरा. वर्षानुवर्षे रुळलेल्या पद्धती एका फटक्यात बदलणार नाहीत, आणि बदलण्याच्या खटाटोपात आहे ती माहिती बिघडण्याचाच धोका अधिक. मात्र तीन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवल्याशिवाय सामाईक मार्गाची नोंद पुरी झाली, असे समजू नये. पादचाऱ्याचा हक्क स्पष्ट शब्दांत. मार्ग विभागलेला की सरमिसळ. आणि तिथे फलक असेल तर तो जसाच्या तसा. यांत रुंदी आणि पृष्ठभाग यांची भर पडली तर उत्तमच. यांतील कोणत्याही गोष्टीसाठी तज्ज्ञ लागत नाही. जागेवर जाऊन डोळे उघडे ठेवणे आणि खिशात टेप बाळगणे एवढे पुरते.

मुद्दा असा की नोंद आणि निवाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फलकावर काय आहे, पट्टी किती रुंद आहे, मध्ये रेघ आहे की नाही, ही नोंद होय. ती कोणालाही जाऊन पडताळता येते. ही वाट मुख्यतः कोणाची, हा निवाडा होय. कायदा बदलला, न्यायालयाचा निकाल आला, रीत बदलली की निवाडा बदलतो; नीट केलेली नोंद मात्र तोवर खरी राहते, जोवर वाट तशीच आहे. आणि जे पाहिले नाही ते लिहू नये, हा नियम इथे कसोशीने पाळला पाहिजे. घरी बसून हवाई छायाचित्रावरून रेघ ओढणाऱ्याला वाट दिसते. तिच्यावरील फलक दिसत नाही. अशा वेळी जागा रिकामी ठेवणे हे चुकीची माहिती भरण्यापेक्षा प्रामाणिकपणाचे आहे. कचेरीत काम करणाऱ्याला हे सांगावे लागू नये. नोंदवहीतील रिकामा रकाना उद्या भरता येतो. चुकीची नोंद दुरुस्त करायला मात्र वर्षे जातात.

आपल्याकडील प्रश्न

हा वाद युरोपातला, आपल्याला त्याचे काय, असे म्हणण्याची सोय नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशाविषयक धोरण सैल केले आणि भारतीय नागरिकांना व संस्थांना नकाशे व भूमाहिती तयार करण्यासाठी पूर्वी लागणाऱ्या परवानग्यांतून बहुतांशी मोकळे केले. १७६७ पासून चालत आलेल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या इतिहासात हे मोठे वळण होते. स्वातंत्र्य वाढले, तशी जबाबदारीही वाढली.

नकाशातील रेघेचे बळ मराठी शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक आहे. गावनकाशात पायमार्ग एकेरी तुटक रेघेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेने दाखवण्याची पद्धत आहे. बांधावरून बैलगाडी न्यायची की नुसते चालत जायचे, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे होतात, आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारापुढे प्रकरण उभे राहिले की त्या रेघेकडे बोट दाखवले जाते. इंग्लंडमध्येही १९४९ च्या कायद्याने तयार झालेले वहिवाटीचे अधिकृत नकाशे न्यायालयात निर्णायक पुरावा मानले जातात. आणि म्हणूनच ऑर्डनन्स सर्व्हे आपल्या सर्वसाधारण नकाशांवर, इतर वाटा दाखवल्या म्हणजे वहिवाटीचा हक्क सिद्ध होत नाही, असा इशारा छापत आली. लोकांनी केलेल्या नकाशाला कायद्याचे बळ नाही. परंतु इशाराही कोणी वाचत नाही, आणि मोबाइलवर दिसते ते खरे, अशी समजूत दृढ होत चालली आहे.

आपल्या शहरांत या समजुतीचा धोका दुहेरी आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये जलद बससेवेचा प्रारंभ झाला, त्यापुढच्या काळात अनेक रस्त्यांच्या कडेने सायकलपट्ट्या झाल्या आणि २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. यांतील कित्येक पट्ट्या पदपथाच्या पातळीवर, पदपथाला चिकटून आहेत. काही ठिकाणी पट्टी मध्येच संपते, काही ठिकाणी तिच्यावर दुचाक्या उभ्या असतात, तर कुठे पदपथाचाच एक भाग रंगवून त्याला सायकलमार्ग म्हटलेले असते. अशी पट्टी आराखड्यावर विसंबून 'सायकलवे' म्हणून नोंदवली, की कागदावरचे किलोमीटर नकाशावर उतरतात आणि पादचाऱ्याची अर्धी फरशी सायकलच्या खाती जमा होते. नागरिकांचा नकाशा मग नगरपालिकेच्या अहवालाचा बिनपगारी साक्षीदार बनतो. वास्तविक नियोजित मार्गासाठी या नकाशात वेगळा शब्द आहे. तो वापरण्याची शिस्त तेवढी हवी.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथावरून चालण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. हा हक्क बजावायचा तर पदपथ कुठे आहे, किती रुंद आहे, त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा घातला आहे, याची विश्वसनीय नोंद असली पाहिजे. सायकलस्वार हा पादचाऱ्याचा शत्रू नाही. मोटारींनी व्यापलेल्या रस्त्यावर दोघेही सारखेच उपेक्षित आहेत. रस्त्याची मुख्य रुंदी मोटारींना देऊन उरलेल्या दोन-तीन मीटरांत या दोघांना झुंजायला लावायचे आणि त्याला 'सामाईक मार्ग' असे गोंडस नाव द्यायचे, ही युक्ती मात्र ओळखली पाहिजे. नकाशावर रुंदीची नोंद नसेल, तर ही युक्ती झाकली जाते. असेल, तर ती उघडी पडते.

हे काम करायला मोठा निधी लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एखाद्या पथकाने आपल्या महाविद्यालयाभोवतीच्या पाच रस्त्यांवरील पदपथ आणि सायकलपट्ट्या टेपने मोजून, फलक पाहून, अडथळे टिपून नकाशात भरल्या, तर भूगोलाचा आणि नागरिकशास्त्राचा धडा एकाच वेळी गिरवला जाईल. शिक्षकांनी एवढेच पाहावे की विद्यार्थी दिसले ते लिहितात, असावे असे वाटते ते लिहीत नाहीत. पट्टी खंडित असेल तर खंडित म्हणून, सरमिसळ असेल तर सरमिसळ म्हणून नोंदवावी. आणि रेघेला नाव कोणतेही मिळो, तिच्यावर चालणाऱ्याचा हक्क लिहायचा राहून गेला नाही ना, हे नकाशा पुरा झाला असे म्हणण्यापूर्वी एकदा तपासून पाहावे.